साड्यांच्या सावलीचे नाना

नाना उन्हाळ्यात कधी सरळ चालत नसत. आमच्या जळगावच्या गल्लीतून निघाले की आधी डावीकडच्या भिंतीला चिकटून जात, मग एकदम पलीकडच्या कडुनिंबाखाली, तिथून उभ्या टेम्पोच्या आडोशाला आणि पुन्हा डावीकडे. एका नव्या भाजीवाल्याने मला हळूच विचारलं होतं, की हे आजोबा सकाळपासूनच घेतात का. नाना एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, मूळचे साक्रीकडचे, आणि चहालासुद्धा शिवत नसत. ते फक्त सावली शोधत चालत.

त्यांची दुसरी खोड म्हणजे जवळच्या कामाला गाडी काढायची नाही आणि दुसऱ्याने काढली तर त्याला अडवायचं. बाजार आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, तरी मी स्कूटी काढायची आणि नाना आडवे यायचे. मी म्हणायची, या उन्हात कोण चालणार?

"बठ्ठे असंच म्हणतात," नाना म्हणत; त्यांच्या बोलीत बठ्ठे म्हणजे सगळे. "गाडीवर जातात, घरी येऊन एसी लावतात. तो धूर, ती गरम हवा जाते कुठे? परत आपल्याच गल्लीत."

मी मान डोलवायची आणि स्कूटी सुरू करायची.

मग एका एप्रिलमध्ये नानांच्या शेजारच्या कमलअक्का बाजारातून पायी येताना रस्त्यातच कोसळल्या. गल्लीच्या त्या टोकाची झाडं गटाराच्या कामात गेली होती, तिथे दुपारी पाय ठेववत नसे. अक्का वाचल्या, पण बरेच दिवस दवाखान्यात होत्या. नाना त्यांना भेटून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोची जुनी नऊवारी घेऊन त्या टोकाला गेले आणि समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांना तिची टोकं बांधली. मग दारोदार साड्या मागत सुटले.

आधी बायकांनी फाटक्या साड्या काढल्या. पण पहिल्या चार साड्यांखाली चालताना जीव जरा थंड झाला, तशी चुरस लागली. कुणी पैठणी आणली, ती नानांनी हात जोडून परत केली. कुणाची साडी पुढे आणि कुणाची गटाराशी, यावरून दोन जावांनी अबोला धरला. खालून जाताना माणूस दर पावलाला रंग बदलायचा. माझ्या सासूबाई हिरव्या व्हायच्या, मग जांभळ्या, मग चक्क गुलाबी, आणि त्यांना पाहून मला हसू आवरायचं नाही. पाचोऱ्याहून लग्नाला आलेलं एक वऱ्हाड मांडव समजून आमच्याकडेच घुसलं. नानांनी त्यांना ताक पाजलं आणि जाण्याआधी त्यांच्यातल्या दोन धट्ट्याकट्ट्या पाहुण्यांकडून खड्डे खणून घेतले.

खड्डे झाडांसाठी होते. साड्यांखाली ओळीने करंज आणि कडुनिंब लागले. प्रत्येक घराने फिल्टरचं वाया जाणारं पाणी आपल्या दारातल्या रोपाला घालायचं ठरलं. आता छान सावली आहे, मग झाडांची घाई कशाला, असं मी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "साड्या पाहुण्या शेत बेटा, पाहुण्याच आहेत. घरचं माणूस खाली वाढतंय."

मे महिन्यात वावटळ आली आणि पाहुण्या उडाल्या. अख्खी गल्ली पदर खोचून, लुंग्या सावरत साड्यांमागे धावली. माझी निळी साडी एका मोबाइल टॉवरला लटकली, दुसरी पोलीस चौकीच्या दारावर तोरणासारखी जाऊन बसली. आम्ही धुळीने माखून परतलो, तर नाना एका करंजाच्या रोपाला दोन्ही हातांनी कवटाळून रस्त्यात बसलेले. डोळे मिटलेले, डोक्यावर कुणाचा तरी परकर. कमलअक्का गॅलरीतून ते बघून इतक्या हसल्या की आम्हाला त्यांचीच काळजी वाटली. दवाखान्यातून आल्यावर त्या पहिल्यांदाच हसत होत्या. संध्याकाळी आम्ही साड्या पुन्हा बांधल्या.

दरवर्षी थोड्या कमी बांधाव्या लागल्या. माझी स्कूटी कधी धूळ खात पडली, माझ्याही लक्षात आलं नाही. बायको गेल्यावर नानांना मुलीने धुळ्याला नेलं. फोनवर ते झाडांची नावानिशी चौकशी करत, माणसांची नंतर.

यंदाच्या मे महिन्यात भर दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. नाना झोपेतच गेले होते. मी कमलअक्कांना सांगितलं. त्या चपला घालून म्हणाल्या, "चल, बठ्ठ्यांना सांगू." आम्ही दोघी हळूहळू घरोघर गेलो. प्रत्येक दारात थांबलो, प्रत्येकीने नानांचं काहीतरी सांगितलं, रडता रडता हसलो. शेवटच्या घरापर्यंत पोचलो तेव्हा मी अक्कांना विचारलं, थकलात का. त्यांनी वर पाहिलं. करंजाची पानं एकमेकांत मिसळली होती.

"नही," त्या म्हणाल्या. "अजून थोडं चालू."