लोकरीचा गुंडा आणि कडुलिंबाच्या बेचक्या

सुमन गेल्याचा फोन मला आला नाही. तिच्या नवऱ्याने तो नळदुर्गहून माझ्या मुलीला, रेवाला केला. मी सकाळचे डबे भरत होते. रेवा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, मावशीला झटका आला... गेली." बहीण माझी, आणि बातमी मुलीच्या तोंडून. दीड महिना झाला, अजून सलतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल.

सुमन माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, शाळेत विज्ञान शिकवायची. मी तुळजापुरात कारकून. माझं सगळं यादीवर चालतं. रेवाला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली तेव्हा ती आठ वर्षांची होती. आपल्याकडे रश्श्यापासून उपासाच्या खिचडीपर्यंत सगळ्यात कूट. मी काय खायचं नाही याची दोन पानी यादी फ्रिजवर चिकटवली. रेवाने ती कधी वाचली नाही. सुमन आली, तिने माझ्या टोपलीतला तपकिरी लोकरीचा गुंडा न विचारता उचलला, अंगणातल्या कडुलिंबाच्या बेचक्या मोडून आणल्या आणि पोरीला घेऊन फरशीवर बसली. रेवाच्या स्वेटरची लोकर होती ती. एक बाही राहिली ती राहिलीच.

"हा गुंडा म्हंजे तुझ्या अंगातली पेशी," बेचकीचा दांडा लोकरीत खोचत ती म्हणाली. "आन् ही ॲलर्जीची प्रतिपिंडं. हा दांडा म्हंजे पाय, दोन फाटे म्हंजे हात. पाय पेशीवरच्या खाचेत वाकून बसतो, मग आठवडे न् आठवडे सुटत न्हाय. हात बाहेर, रिकामे. शेंगदाण्याची वाट बघत."

"आला की?"

"एकीनंच धरला तर काही न्हाय. शेजारशेजारच्या दोघींनी मिळून एकच कण धरला, की पेशी आतला सगळा दारूगोळा सोडते. मग तुझे ओठ सुजतात."

रेवा खुदकन हसली. माझ्या यादीला ती कधी हसली नव्हती.

मग त्या वर्षीची दिवाळी, सुमन आमच्याकडेच आलेली. आमच्याकडे दगडी खल साबणाने धूत नाहीत, फडक्याने पुसतात, आईची शिस्त. ज्या खलात शेंगदाण्याची चटणी व्हायची, त्यातच मी रेवासाठी मुद्दाम वेगळी लसणाची कुटली. दोन घासांत तिचे ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. मी फ्रिजपुढे उभी राहून यादी वाचत होते... लसूण कुठंच नव्हता. रेवा माझ्यासमोरून गेली आणि तिने मावशीचा हात धरला. सुमनने एकदा खलाकडे पाहिलं, पोरीला उचललं आणि रिक्षाने दवाखाना गाठला. इंजेक्शनने श्वास मोकळा झाल्यावर मला हळूच म्हणाली, "अक्का, तुझ्या यादीत पदार्थ हायत, भांडी न्हायत."

खरं होतं. म्हणूनच मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. खलबत्ता मात्र त्याच दिवशी यादीत लिहिला. पुढं रेवाला कसलीही शंका आली, की फोन नळदुर्गलाच.

गेल्या रविवारी रेवाचं टेबल आवरताना, तिने तिथं इतकी वर्षं जपलेल्या त्या गुंड्यातली एक बेचकी निसटली. मी परत खोचली. रेवाने पाहिलं. "आई, उलटी खोचलीस. पाय आत, हात बाहेर."

"मला सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

ती फरशीवर बसली, थेट सुमनसारखी मांडी घालून. शब्दही मावशीचेच, 'न्हाय'सुद्धा. हेवा तेव्हाही वाटला. तरी शेवटपर्यंत ऐकलं, दोनदा मधे विचारलं.

गुंडा जागेवर ठेवताना लोकरीचं सुटं टोक हाताला लागलं. उलगडली असती तर एका बाहीपुरती लोकर सहज निघाली असती... मी टोक आत खोचून ठेवलं.