पाचूच्या गणपतीची किंमत

आमच्या घरात कुणावर पटकन विश्वास टाकायची पद्धतच नव्हती. दुधात पाणी आहे का हे सासूबाई रोज नखावर थेंब घेऊन पाहायच्या. माझे यजमान रिक्षात बसले की मीटरवरची नजर काढायचे नाहीत. अशा घरात देवाची किंमत काढायची ठरली, म्हणजे काय होणार ते वेगळं सांगायला नको.

गणपती मुठीएवढा होता, एकाच हिरव्या खड्यातून कोरलेला. सासऱ्यांना त्यांच्या शेठजींनी खूश होऊन दिलेला. सासूबाई रोज त्याला अंघोळ घालून खोबरेलाचं बोट फिरवायच्या. त्यांच्या गावाकडे, कोकणात, पाषाणाच्या देवाला तसंच करतात. आम्ही मुलुंडला भाड्याच्या दीड खोलीत राहत होतो. समोर नवी सोसायटी उभी राहत होती आणि यजमानांचा जीव तिथल्या ब्लॉकमध्ये अडकला होता. "विकायचा कुठे म्हणतोय गं आई, नुसता अंदाज घेऊ," असं म्हणत त्यांनी शेवटी आईला पटवलं.

आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी गणपती रिठ्याच्या कढत पाण्यात बुडवला आणि ब्रशने खसाखसा घासला. लग्नकार्याआधी आपण सोन्याचे दागिने उजळतो ना, अगदी तसा. चार लोकांसमोर देव जायचा तर लखलखीत जावा, हा त्यांचा हिशेब. मग ओलाच पंच्यावर ठेवून त्या शेजारी आलेल्या नव्या रंगीत टीव्हीवर सिनेमा बघायला गेल्या. घरात मी एकटी. वाळल्यावर मीच तो खणात गुंडाळून यजमानांच्या बॅगेत ठेवला. नवी सून म्हणून तोवर मला देवघरात हात घालायची मुभा नव्हती, त्यामुळे तो आधी कसा दिसायचा हे मी जवळून पाहिलंच नव्हतं.

घाटकोपरच्या त्या खड्यांच्या व्यापाऱ्याकडे मीही गेले होते. त्याने गणपती भिंगाखाली धरला की यजमान खुर्चीवरून अर्धे उठायचे. तो काट्यावर ठेवला तेव्हा तर त्यांचं नाक काट्याला लागायचं बाकी होतं. व्यापारी मिश्कील हसला आणि मला म्हणाला, "बेन, इसको गरम पानी में डाला था क्या?"

मी हो म्हणाले. त्याने दिव्यासमोर धरून दाखवलं. आत पांढऱ्या भेगांचं जाळं होतं. पाचूत अशा भेगा असतातच, तेलाने त्या झाकल्या जातात, तुम्ही सगळं तेल काढून टाकलंत, असं त्याने समजावलं. कोरीव काम झकास आहे, पण खडा हलका. ब्लॉकचं तर सोडाच, ब्लॉकच्या स्वयंपाकघराचेही पैसे सुटणार नाहीत.

"भाव पाडायचे धंदे," यजमान जिन्यातच म्हणाले.

घरी सासूबाईंनी खण सोडला आणि गणपती हातात घेऊन उजेडात उलटसुलट फिरवून पाहिला.

"ह्यो आमचो गणपती न्हय."

यजमानांनी शपथ घेतली, की तिथे क्षणभरही देव नजरेआड झाला नाही. ते खरंच होतं, आणि तिथेच माझी वाट लागली. तिकडे बदलला नाही तर इकडे बदलला, आणि इकडे होतं कोण? मी तेलाचं सांगून पाहिलं. "एवढी वर्सां मी तेल लावतंय, आणि तो माका तेल शिकवता?" म्हणत त्यांनी मलाच गप्प केलं. रात्री यजमानांनी हळूच विचारलं, "तू नक्की तोच गुंडाळलास ना गं?" त्या एका वाक्यासाठी मी त्यांना आजही पुरती माफी दिलेली नाही.

तोंडावर मला कुणी चोर म्हटलं नाही. पण माझ्या भावाने नुकतंच मालाडला शिलाईचं दुकान काढलं होतं. त्याला भांडवल कुठून मिळालं, हे सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्यासमोर विचारू लागल्या. मी माहेरी निघाले की माझी पिशवी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने उघडली जायची. परका देव म्हणून तो गणपती फडताळात डब्यांमागे पडून होता.

मग सासूबाई लेकीकडे बोरीवलीला राहायला गेल्या. मी गणपती काढला, कोमट खोबरेलाच्या वाटीत बुडवला आणि त्या परत येईपर्यंत बुडवूनच ठेवला. एका दिवसात नाही, पण हळूहळू भेगा विरत गेल्या, हिरवा रंग भरून आला. त्या यायच्या सकाळी मी तो पुसून देवघरात ठेवला. आता बघू काय बोलतात, अशी मला खुमखुमीच होती.

त्यांनी पाहिलं. उचलून छातीशी धरला. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहिलं.

दुपारी यजमान ऑफिसला गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मी तांदूळ निवडत होते. इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"भावाकडसून परत हाडून ठेवलंस मां? बरा केलंस. मी कोणाक सांगूचंय नाय."

आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण तो हात इतका मायेचा होता, की मला तो झटकता आला नाही.