उत्तम म्हणणारी डबी

आमच्या ग्रामीण रुग्णालयात व्हेंटिलेटर होता, पण तो खोक्यात होता. तो चालवणारा माणूस मंजूर नव्हता. ज्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही त्याच्यासाठी आमच्याकडे रबरी पिशवी असे. तिला अंबू म्हणतात. एका टोकाला रुग्णाच्या घशातली नळी, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन, मध्ये पिशवी आणि पिशवीभोवती कोणाचा तरी हात. हात दमला की दुसरा हात. आम्ही नर्सा दोन, त्यामुळे पुढचे हात नातेवाइकांचे. काकाच्या किंवा मेव्हण्याच्या हाती पिशवी द्यायची, ‘असं दाबा, मग सोडा’ एवढं शिकवायचं आणि दुसऱ्या खाटेकडे जायचं, ही आमची रीत. पुस्तकात ती नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांकडे माणसं जास्त असावीत.

या रितीत एक खोट होती. घाबरलेला माणूस पिशवी भराभर दाबतो. जीव लावून दाबलं तर जीव वाचेल असं त्याला वाटतं, आणि रुग्णाची छाती फुटायची वेळ येते. यावर उपाय म्हणून आमच्याकडे डबी आली. काडेपेटीएवढी. ती पिशवी आणि नळी यांच्या मध्ये बसवायची. किती हवा गेली, किती वेळा गेली हे ती टॅबलेटला बिनतारी कळवणार आणि टॅबलेट दाबणाऱ्याला सांगणार: हिरवं म्हणजे उत्तम, पिवळं म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे चुकताय. सोबत बाईचा आवाज, स्वच्छ पुणेरी. शिवाय हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी एका पडद्यावर दिसणार होतं. कल्पना चांगली होती. मी आजही तिला नावं ठेवत नाही.

चांगल्या वस्तूचं उद्घाटन करावं लागतं. भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा निम्मी कार्यालयं गोंदियाला गेली, पण भाषणं दोन्हीकडे पूर्ण राहिली. पाहुणे दोन तास उशिरा आले. टॅबलेटला हळदकुंकू वाहिलं गेलं आणि थोडं कॅमेऱ्यावरही गेलं. मग पाहुण्यांनी प्लास्टिकच्या पुतळ्याला श्वास द्यायचा, असं ठरलं होतं. पाहुण्यांनी बाह्या सावरल्या आणि ऊस पिळावा तशी पिशवी पिळली.

टॅबलेट लाल झाला. आवाज मात्र आला नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतो तोच आवारातून पाहुण्यांचा ड्रायव्हर आत आला आणि अदबीनं म्हणाला, “सायेब, गाडी बोलून राहिली. हळू दाबा म्हणते.”

टॅबलेटनं जवळ दिसलेल्या पहिल्या स्पीकरशी संधान बांधलं होतं आणि तो पाहुण्यांच्या गाडीतला होता. गाडीची दारं उघडी असल्यानं अंगणातल्या रुग्णांच्या सगळ्या रांगेला ऐकू जात होतं: दाब जास्त आहे. आपण चुकत आहात. पुन्हा प्रयत्न करा.

कंपनीचा इंजिनिअर घामाघूम झाला. त्यानं टॅबलेटवर तीन-चार ठिकाणी बोटं मारली आणि पाहुण्यांना पुन्हा दाबायला सांगितलं. हिरवं. पुन्हा. हिरवं. टाळ्या झाल्या. मी त्याला नंतर विचारलं तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, “डेमो मोड आहे म्याडम. यात काही बी करा, हिरवंच येते. आपण कायले कोणाची बेइज्जती करावं?”

तो मोड पुन्हा बदलायचा होता. तो बदलला नाही, कारण दुसऱ्या दिवशी आमचं प्रशिक्षण होतं आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की सगळेच शंभर टक्क्यांनी उत्तीर्ण होत आहेत. शिपाई उत्तीर्ण झाला. चहा घेऊन आलेली बाईही गंमत म्हणून दाबून उत्तम ठरली. आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली. जिल्ह्याच्या पडद्यावर आमचं रुग्णालय पहिलं आलं. माझं प्रमाणपत्र मी कपाटात ठेवलं. डबी खोटं बोलते हे मला माहीत होतं, मी त्यावर चार जणींत हसतही होते, आणि तक्रार मात्र केली नाही. बिनविषारी खोटं, असं मी मनाशी म्हटलं होतं. पुढे काही महिने अंबूची गरजच पडली नाही आणि मी मोडचं साफ विसरून गेले.

मग भाताच्या रोवणीच्या दिवसांत एका सकाळी दिघोरीकडच्या एका गावातून एक बाई आली. पस्तिशीची असेल. जमिनीवर झोपली होती, पहाटे पोटात दुखायला लागलं, कुठे चावल्याची खूण नाही. आता पापण्या उचलत नव्हत्या आणि शब्द जड पडत होते. हे मण्यारीचं काम. ती चावते तेव्हा कळतही नाही आणि मग एकेक स्नायू बंद करत जाते, शेवटी श्वासाचा. डॉक्टरांनी सापाच्या विषावरचं औषध सुरू केलं. श्वास उथळ झाला तसा घशात नळी घातली आणि मला म्हणाले, “सिस्टर, भंडाऱ्याला न्या. मशीनवर ठेवलं तर दोन दिवसांत उठेल. तिथपर्यंत पोचलं पाहिजे.” एक बाळंतपण अडलेलं होतं, त्यामुळे ते येऊ शकत नव्हते.

तर रुग्णवाहिकेत मी, पुढे ड्रायव्हर, आणि रुग्णासोबत तिची सासू. नवरा मोटरसायकलनं मागून येत होता. सासूचे पाय पोटरीपर्यंत चिखलाचे, लुगडं खोचलेलं. भाताच्या बांधीतून तशीच उठून आली होती.

पहिला तासभर पिशवी मी दाबली. बाईच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा होता, तो अठ्ठ्याण्णव दाखवत होता. डबी बसवलेली होती, टॅबलेट हिरवा होता. सासू बोलत होती. सुनेशीच, आमच्याकडच्या बोलीत, जिच्यात बायकाही ‘आलो-गेलो’च म्हणतात.

“मी कालच म्हटलो होतो, खाटेवर झोप. आयकत नाही. कोणाचं आयकत नाही. बाई, इले आयकू येते का?”

“येतं,” मी म्हटलं. “मण्यारीत हातपाय हलत नाहीत, पण आतून माणूस जागं असू शकतं.”

हे ऐकून ती सुनेच्या कानाशी वाकून म्हणाली, “बांधीत उपटलेले पऱ्हे तसेच पडून आहेत. तू निजून राहिली तं का मी एकटी रोवू?”

साकोली मागे पडल्यावर माझ्या बोटांत गोळे यायला लागले. सलाईनची बाटलीही संपत आली होती. मी रितीप्रमाणे पिशवी सासूच्या हाती दिली. तिनं हात लुगड्याला पुसले आणि घेतली. तिला टॅबलेट दाखवला. “हिरवं आहे तोवर बरोबर आहे. लाल झालं तर सांगा.” मी बाटली बदलायला वळले. रस्त्यात मोठा खड्डा आला, सगळे हादरलो, मी बाटली सावरली.

थोड्या वेळानं सासू म्हणाली, “बाई, पिशवी हलकी लागून राहिली.”

मी टॅबलेट पाहिला. हिरवा. वर पुणेरी बाई म्हणत होती, उत्तम. “बरोबर दाबताय तुम्ही,” मी म्हटलं. “दाबत राहा.”

चिमट्याचा आकडा ब्याण्णव झाला होता. मी चिमटा काढून बाईचं बोट चोळलं, पुन्हा लावला. अठ्ठ्याऐंशी. हे चिमटे थंड बोटावर चुकीचं दाखवतात, हे मला माहीत होतं. माझ्यासमोर दोन यंत्रं होती. एक म्हणत होतं उत्तम, दुसरं म्हणत होतं अठ्ठ्याऐंशी. पंचवीस वर्षं नोकरी केलेली, टेबलाच्या खणात दोन कादंबऱ्या ठेवणारी, पाहुण्यांवर हसलेली मी. मी टीका करणाऱ्या यंत्रावर संशय घेतला.

“वो बाई,” सासूनं आता आवाज चढवला, “उत्तम म्हणून राहिली ते मसनी मले नोको सांगू. इची छाती उठून नाही राहिली. मी केव्हाची इच्या छातीकडे पाहून राहिलो. तू मसनीकडे पायतं.”

तिनं टॅबलेटकडे लक्षच दिलं नव्हतं. तिला अक्षर येत नव्हतं आणि हिरव्या-लालशी तिला देणंघेणं नव्हतं. ती सुनेच्या छातीकडे पाहत होती, जिकडे मी पाहायला हवं होतं.

मी पाहिलं. छाती सपाट. ओठांचा रंग बदललेला. डबीचा आणि नळीचा सांधा खड्ड्याच्या हादऱ्यानं निसटला होता आणि सासू दाबत होती ती हवा डबीतून थेट चादरीवर जात होती. टॅबलेट चादरीला श्वास दिल्याबद्दल आमचं कौतुक करत होता. त्या क्षणी मला डेमो मोड आठवला.

मी डबी ओढून काढली, पिशवी थेट नळीला जोडली आणि दाबली. छाती वर आली. पुन्हा. आकडा आणखी खाली गेला, बहात्तर, मग थांबला, मग अगदी सावकाश चढायला लागला. ड्रायव्हर मागे न पाहता म्हणाला, “सिस्टर, थांबू का?”

“थांबू नका.”

टॅबलेट डबीची वाट न पाहता उत्तम म्हणतच होता. सासूनं तो उचलला, उलटा केला आणि त्यावर बसली.

नव्वदच्या वर आकडा गेल्यावर माझ्या बोटांनी पुन्हा दगा दिला. मी पिशवी तिलाच दिली. आता श्वास मोजायला काही नव्हतं, म्हणून मी म्हटलं, “तुम्ही श्वास घ्याल तेव्हा तिला द्या. पण सावकाश घ्या. तुम्ही धापा टाकल्या तर तीही धापा टाकेल.”

“म्हंजे मी भेलो तं ही मरन?”

“तसंच काहीसं.”

“लगन झाल्यापासून इनं मले शांत बसू नाही देलं,” ती म्हणाली, “आन् आता म्हणता शांत बस.” पण ती बसली. डोळे सुनेच्या छातीवर, स्वतःचा श्वास लांब. मी सांधा हातात धरून बसले. कारध्याच्या पुलावर ट्रकांची रांग होती, ती ड्रायव्हरनं शिव्या देत फोडली, आणि आम्ही भंडाऱ्याला पोचलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रुग्णाला मशीनवर घेतलं आणि मला विचारलं, “वाटेत श्वास नीट गेला?” त्यांच्या हातात टॅबलेट होता, सासूखालून काढलेला, जरा कोमट. त्यावर संपूर्ण प्रवासाचा अहवाल तयार होता. एकही चूक नाही. शंभर टक्के. शेवटच्या टप्प्यात डबी माझ्या खिशात होती, तेव्हाही शंभर.

तो कागद फाइलला लावला असता तर मला कोणी काही विचारलं नसतं. पण मेंदूला किती वेळ हवा मिळाली नाही हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक नसलं, तर पुढची लक्षणं भलत्याच कारणाला जोडली जातील.

“मधे सांधा निसटला होता,” मी म्हटलं. “तीन मिनिटं असतील, चार असतील. आकडा बहात्तरपर्यंत गेला. माझ्या लक्षात आलं नाही. सासूबाईंच्या आलं. हा अहवाल खोटा आहे.”

त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “दोन दिवसांनी कळेल.”

परतल्यावर मी इंजिनिअरला फोन करून मोड बदलायचा कसा ते विचारून घेतलं आणि बदलला. दुसऱ्याच दिवशी सगळे पुतळ्यावर पुन्हा दाबायला बसले. शिपाई लाल, मी पिवळी. जिल्ह्याच्या पडद्यावर आम्ही शेवटचे आलो. वैद्यकीय अधिकारी म्हणाले, “सिस्टर, एवढी घाई कशाला होती?” मी लेखी दिलं की घाई होती. पण त्या दोन दिवसांत मला पडद्याचं काही पडलं नव्हतं. ती उठली नाही तर, आणि उठून कोणाला ओळखलं नाही तर, एवढंच डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी दुसरा रुग्ण घेऊन भंडाऱ्याला जाणं झालं. त्याला सोपवून मी वर गेले. ती उशीला टेकून बसली होती. नळी निघालेली, पापण्या अजून जड. सासू तिला चमच्यानं पेज भरवत होती आणि कमी खाते म्हणून रागावत होती.

“ओळखलं का?” मी विचारलं.

तिनं डोळे बारीक करून मला न्याहाळलं. मग बसक्या, फाटक्या आवाजात म्हणाली, “तोंड नव्हतो पायलो. आवाज वयखला.”

“तुम्ही ‘बरोबर दाबताय’ म्हणत होत्या,” ती पुढे म्हणाली. “मी अंदरून वरडून राहिलो होतो का, ‘नाही बा, नाही.’ मले हवाच येऊन नव्हती राहिली. थे दुसरी बाई म्हणे उत्तम. मले वाटलं, मी मरून राहिलो आन् ह्या दोघी पास होऊन राहिल्या.”

मी माफी मागितली. माफी कशी मागावी हे मला नीट येत नाही, नोकरीत सवय नसते. सासूनं चमचा पुढे केला.

“खा वो गुमान,” सासू म्हणाली. “बाईनं कबूल केलं ना.”

सुनेनं तोंड फिरवलं. “मीठ नाही याच्यात,” ती म्हणाली.

सासूनं वाटीतली पेज स्वतः चाखून पाहिली. मीठ खरंच नव्हतं. ती मीठ शोधायला उठली, तशी मी तिची वाटी धरली आणि तिथेच स्टुलावर बसले.