वाळू ऐकायला गेलेले मानेकाका

मानेकाका पंपाला हात लावण्याआधी कान लावत. हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. दोहातल्या इमारतींना थंड पाणी पुरवणाऱ्या आमच्या प्लांटमध्ये कंपनं मोजायची उपकरणं होती, आणि ती वाचायला मी होतो. तरी रोजच्या तपासणीच्या कागदावर मी सही करायचो ती काकांनी ‘ठीक’ म्हटल्यावरच.

काका कागलकडचे फिटर. बायकामुलं गावी, स्वतः अर्धं आयुष्य कतारात. मी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडून बसायचो, म्हणून त्यांनी माझं नाव मास्तर ठेवलं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणालो, “काका, तीन नंबरचं बेअरिंग गेलंय.”

“गेलंय हे तुला वाटलं. ऐकलंस काय?”

मी उपकरणावरचा आकडा पुढे केला.

“काय ऐकलंस ते आधी सांगायचं, मास्तर. काय वाटलं ते मागनं.”

एका हिवाळ्यात नवे पंप बसवायला एक जपानी इंजिनिअर आला. शुक्रवारी दुपारी काका त्याला आणि मला शहराबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांवर घेऊन गेले. माथ्यावरून बसून घसरत आलं की तिथली वाळू घुमते; दूरवरून विमान जावं तसा आवाज पोटापर्यंत जाणवतो. पाहुणा कितीतरी वेळ उठलाच नाही. मग त्याने सांगितलं, त्याच्या गावच्या किनाऱ्यावरची वाळूही बोलते, पण बारीक आवाजात, पावलाखाली. तिथे कुणी सिगारेट ओढत नाही, गावकरी कचरा वेचत राहतात, कारण वाळू मळली की मुकी होते.

मी त्याचं इंग्रजी काकांना मराठीत सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. “मशीनसारखंच की हे. आत घाण गेली की आवाज गेला. रिटायर झालो की जाऊया ऐकायला. तू पण यायचं. मला तिथं कोण समजून घेणार?”

पण त्याआधी त्यांचे कानच उतरू लागले. पंपाचं नीट ऐकू यावं म्हणून ते कानांवरचं संरक्षण काढून ठेवत, वर्षानुवर्षं. एका सकाळी त्यांनी तीन नंबरला ‘ठीक’ म्हटलं. मला मात्र एक बारीक शिट्टी ऐकू येत होती. मी बिचकत तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा स्क्रूड्रायव्हर लावला, जागा बदलून पाहिली, आणि पंप बंद करायला लावला. बेअरिंग खरोखरच खराब निघालं. मी कुणाला काही बोलणार नव्हतो. काका स्वतःच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. “साब, आजसे मेरे ठीक पे साइन मत करने देना.”

बाहेर आल्यावर मला म्हणाले, “खलास. आता कानात हाय तेवढ्यात जपानची वाळू ऐकून घेऊ.”

आम्ही गेलो. किनाऱ्यामागे पाइनची झाडं, पुढे स्वच्छ फिकट वाळू. पण पाऊस झालेला होता आणि ओली वाळू बोलत नाही. दोन दिवस काका खिडकीत बसून वाळू सुकण्याची वाट पाहत होते. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. त्यांनी बूट काढले, पाय धुतले, पुसले आणि चालू लागले. मला पहिल्याच पावलाला आवाज आला. ते दहा पावलं गेले, थांबले, परत आले. बॅगेतून आणलेला स्क्रूड्रायव्हर वाळूत रोवून, गुडघ्यांवर बसून त्यांनी मूठ कानाशी धरली.

“चाल.”

मी त्यांच्याभोवती चाललो.

“मला काही ऐकू येत नाही, मास्तर,” ते म्हणाले. एवढ्या लांब येऊन ऐकू आल्याचं सोंग त्यांना करता आलं असतं. “तू सांग.”

“गोड आहे आवाज.”

“ते वाटलं तुला.”

मी डोळे मिटून पाऊल टाकलं. “पाय टेकला की सुरू होतो. दाबला की चढतो. उचलला की तुटतो. नवी कोल्हापुरी चप्पल करकरते ना, तसा. त्याहून बारीक.”

“दोन्ही पायांचा सारखा?”

“डाव्याचा थोडा कमी.”

“तू डावा पाय हलका टाकतोस, म्हणून.” ते उठले आणि किनाऱ्याच्या टोकापर्यंत चालत गेले. मी मागून प्रत्येक पावलाचं सांगत होतो. टोकाला पोहोचल्यावर ते वळले. “ठीक,” म्हणाले.

ते गावी गेल्यावर वर्षभराने त्यांच्या मुलाचा फोन आला. सकाळी चहा घेतला, अंगणात खुर्ची टाकायला सांगितली, आणि खुर्चीतच गेले. त्या शुक्रवारी मी एकटाच वाळूच्या टेकड्यांवर गेलो. वारा होता. घसरताना खालून आवाज उठला, वाढला, मी थांबल्यावरही थोडा वेळ राहिला, मग शांत झाला.

ऐकलं ते एवढं, काका. वाटलं ते मागनं.