कडब्याची खोली

बाळांनो, बारामतीहून इंदापूरला जाताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. मांडीवरच्या डब्याची कडी त्या सारखी लावत होत्या, काढत होत्या. भवानीनगरला भावाकडे निघाल्या होत्या.

परदेशातल्या त्यांच्या मुलीनं मनाच्या उपचारासाठी कसल्याशा अळंबीचं औषध घेतलं. त्या गुंगीत तिला आठवलं, की लहानपणी मामानं तिला कडब्याच्या खोलीत कोंडून मारलं होतं. तिनं त्यावर पुस्तक लिहिलं आणि आईला फोनवर वाचून दाखवलं.

"हितं औषध घेऊन माणसं इसरत्यात," बाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, ती खोली पोरगी कॉलेजला गेल्यावर बांधलीया. आन् पोरगी खोटं बोलायची न्हाय."

"मग भावाला विचारणार?"

"काय इचारू? ऐकल्यापासनं तिचं रडणं मलाबी आठवाय लागलंय. मी दाराभाईर उभी हाय, आन् कडी काढत न्हाय."

एकीची आठवण आता दोघींची झाली होती.

भवानीनगरला त्यांचा पांढऱ्या केसांचा भाऊ हसत डबा घ्यायला पुढे आला. बाईंनी डबा छातीशी धरला आणि त्या एक पाऊल मागे सरकल्या.