आमचे साडू आणि दारात बांधलेलं कुत्रं

आमचे साडू वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस रागावलेले असत, आणि लीप वर्षी एक दिवस जास्त. मी गिरणीच्या हिशेबखात्यातला माणूस आहे; आकडा फुगवून सांगण्याची मला सवय नाही. हिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान सोलापुरात गुरांचे डॉक्टर होते. पगार त्यांना बैलांसाठी मिळे, पण जीव जडला होता कुत्र्यांवर. कुत्र्यांवर म्हणण्यापेक्षा कुत्र्यातून जे जे बाहेर काढता येतं त्यावर. रक्त, लाळ, लघवी, विष्ठा, खरवडलेली खरूज. या सगळ्याला ते 'नमुना' म्हणत, आणि एवढा एक शब्द उच्चारताना त्यांचा आवाज मऊ होई. एरवी तो गिरणीच्या भोंग्याशी स्पर्धा करी.

त्यांच्या मते माणसाचा जन्म नमुने नासवण्यासाठीच होता. कुणी आपल्या कुत्र्याची विष्ठा दोन दिवस उन्हात ठेवून मग दवाखान्यात आणली, तर ते सगळ्यांदेखत ओरडत, "ही काय गोवरी आहे? थापून वर बोटं उमटवायची तेवढी राहिली!" एका सावकाराच्या शिकारी कुत्र्याची लघवी हवी होती, तेव्हा त्यांनी वेळूच्या काठीला पळी बांधली आणि तळ्याच्या काठाने सबंध सकाळ त्या कुत्र्याचा पाठलाग केला. कुत्र्याने पाय उचलला की हे धावत. हे धावले की कुत्रं पाय खाली ठेवी. बघायला माणसं जमली. शेवटी हे कुत्र्यावरच कडाडले, "अरे, लाज मला वाटायची, तू कशाला लाजतोस?" मी त्या गर्दीत होतो. ओळख न दाखवता निघून आलो.

एकदा ते गिरणीतल्या साहेबाच्या कुत्रीचं रक्त काचेच्या पट्ट्यांवर पसरून आमच्या ओसरीच्या फळीवर वाळत ठेवून आत जेवायला बसले. जेवण उरकेतो आमच्या हिने त्या मळक्या पट्ट्या राखेने लख्ख घासून पुसून ओळीने मांडल्या होत्या. साडू ते पाहून खालीच बसले. "अगं, त्यात त्या कुत्रीचा ताप होता!" ही म्हणाली, "मग गेला की, भाऊजी. बरंच झालं." त्यानंतर वर्षभर ते आमच्या घरी जेवले नाहीत. फक्त चहा घेत, तोही रागाने.

पण त्यांचा सर्वांत मोठा राग काठीवर होता. कुत्रं पिसाळलेलं होतं की नव्हतं हे त्याचा मेंदू तपासून कळतं, आणि आपले लोक पहिला घाव घालतात तो डोक्यावर. मग ते फुटलेलं डोकं पोत्यात घालून मोठ्या विश्वासाने दवाखान्यात आणतात. "बघा की सायेब, पिसाळलेलं व्हतं का." साडू पोतं उघडून आत बघत आणि विचारत, "यात काय बघू? काठी चांगली होती, एवढं सांगतो."

एका उन्हाळ्यात आमच्या धाकट्या मुलीला कुत्रं चावलं. ती आठ वर्षांची होती. कुत्रं शेजारच्या बोळातल्या एका पद्मसाळी विणकराचं. मी घरी पोचलो तेव्हा गल्लीने काठ्या घेऊन त्याला भिंतीशी कोंडलं होतं, आणि तो विणकर त्याच्यावर पालथा पडून रडत होता. "मारू नका वो! पिल्लू असल्यापासून हाय माझ्याकडं." खरं सांगतो, माझ्याही हातात काठी होती. तेवढ्यात हिने निरोप धाडून बोलावलेले साडू टांग्यातून उतरले. "डोक्याला हात लावाल तर एकेकाला फोडीन!" गल्ली मागे सरली. आत जाऊन त्यांनी मुलीची जखम धुतली, कार्बोलिक ॲसिडने जाळली, आणि बाहेर येऊन निकाल दिला. कुत्रं बांधून ठेवायचं. दहा दिवस धडधाकट राहिलं तर पोरीला भय नाही. त्याचं काही बिघडलं, तर पोरीच्या पोटात सुया टोचायला लगेच सुरुवात. विणकराच्या बोळात लोक त्याला जगू देणार नाहीत, तेव्हा बांधायचं आमच्या दारात.

माझ्या पोरीला चावलेलं कुत्रं माझ्या दारात, माझ्या दोरखंडाने बांधलेलं, आणि माझ्या घरचं दूध पिणारं! मी संतापून म्हणालो, "तुम्हाला तुमचा नमुना जपायचाय. पोरीचं काय?" ते त्याहून मोठ्याने म्हणाले, "पोरीसाठीच जपतोय, शुंभा!" साडूला शुंभ म्हणणारा माणूस सबंध सोलापुरात तेवढा एकच असेल.

ते रोज सकाळ-संध्याकाळ येत. कुत्र्यापुढे उकिडवे बसून त्याचे डोळे, चाल, लाळ न्याहाळत आणि काहीतरी कारण काढून आमच्यावर ओरडत. मुलगी खिडकीतून सारं बघत असे. चावलेलं माणूस कुत्र्यासारखं भुंकतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. एकदा तिने हळूच विचारलं, "काका, मी भुंकणार का हो?" ते गुरकावले, "या घरात भुंकायला मी आहे. तू झोप." ती हसली. चावल्यापासून पहिल्यांदाच हसली.

सहाव्या दिवशी कुत्र्याने दुधाला तोंड लावलं नाही. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. ही देवापाशी जाऊन बसली. मी साडूंना बोलावून आणलं. विणकर हात जोडून म्हणाला, "काल मी हाड घातलो वो त्याला. तेच अडकलंय की." आता ही तर सगळ्यांत फसवी खूण; पिसाळलेल्या कुत्र्याचा जबडाही असाच लोंबतो. हाड अडकलं म्हणून तोंडात हात घालणारेच मरतात, हे साडूंनी आम्हाला नाना वेळा ओरडून सांगितलं होतं. चिमटा दवाखान्यात राहिला होता. तो आणायला मी निघालोही. पण साडूंनी एकवार खिडकीकडे पाहिलं. मुलगी गजांना धरून उभी होती. हसत नव्हती, रडतही नव्हती. त्यांनी उपरण्याने कुत्र्याच्या पायांची जुडी बांधली, जबड्यात आडवं लाकूड घातलं आणि उघडा हात आत सारला.

हाडाचा तुकडा निघाला. दाढांमध्ये रुतला होता. कुत्र्याने जबडा मिटला, उघडला, आणि भांडं चाटून पुसून ठेवलं. साडू हौदावर कितीतरी वेळ हात धूत उभे राहिले. मी रागाने विचारलं, "तुम्हाला काही झालं असतं तर?" त्यांनी हातावर पुन्हा पाणी ओतून घेतलं. न ओरडलेले साडू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

दहा दिवस भरले. कुत्रं ठणठणीत होतं. विणकर त्याला खांद्यावर घालून घेऊन गेला, मुलगी अंगणात खेळायला लागली, आणि मी सुटलो. साडू मात्र पुढेही पाच-सहा दिवस रोज सकाळी त्या बोळात जात, कुत्र्यापुढे बसत आणि परत येत. एवढ्या तिखट माणसाला कुत्र्याचा लळा लागला, म्हणून आम्ही हसायचो. मीच सर्वांत जास्त हसलो असेन.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते गेले, त्यांच्या तेराव्याला मेहुणीने सांगितलं. हाड काढताना त्या कुत्र्याचा दात त्यांच्या बोटात रुतला होता. मुलीचे दिवस भरले, पण त्यांचे सहाव्या दिवशी सुरू झालेले अजून भरायचे होते. ते रोज बोळात जाऊन स्वतःचे दिवस मोजत होते. आम्हाला कळू द्यायचं नाही, नाहीतर पोर पुन्हा घाबरेल, अशी मेहुणीला ताकीद होती.

हे ऐकून मला इतका राग आला की पानावरून उठावंसं वाटलं. एकाच गावात राहणारा सख्खा साडू मी. एका शब्दाने सांगायचं नाही? मी रोज त्यांच्याबरोबर त्या बोळात गेलो असतो. त्या कुत्र्यापुढे आम्ही दोघं बसलो असतो. हे त्यांना एकदा चांगलं खडसावून विचारायचं होतं. ते दुप्पट आवाजात ओरडले असते, आणि मी ऐकून घेतलं असतं.