मुंजाजी आणि दैवशाला

पोखर्णीच्या मुंजाजीचा एक डोळा लहानपणी देवी येऊन गेला होता. त्याला कुणी मुलगी दिली नाही. धाकट्या भावाची, भुजंगची, बायको बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी वारली. पुढं भुजंगही निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात पकडला जाऊन तुरुंगात गेला. तान्ही पुतणी दैवशाला मुंजाजीकडं आली. दूध पाजायला शेजारची सारजाबाई होती. तिचंही लेकरू अंगावर पीत होतं. पण पोट भरलं की दैवशाला मुंजाजीकडंच झेपावायची.

१९४८च्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात रझाकारांनी घरं जाळली. बायका-लेकरं वाशिमकडं, निजामाच्या हद्दीबाहेर वऱ्हाडात पाठवायची आणि पुरुषांनी गाव राखायचं, असं ठरलं. मुंजाजीनं नऊ महिन्यांची दैवशाला गाडीत सारजाबाईच्या मांडीवर दिली.

"दूध तुझंच पिती. तुझ्यापाशी ऱ्हाईल," तो म्हणाला.

दोन दिवस पोरीनं आकांत मांडला. सारजाबाई छातीशी धरी, तर ती मान फिरवी. एकदा समोरून घोडेस्वार येताना दिसले, तशा गाड्या नाल्यात उतरवल्या. पोर रडतच होती.

"तोंड दाब तिचं! समद्यायला मारशील!" एक म्हातारी ओरडली.

सारजाबाईनं तिला पदराखाली घट्ट धरलं. स्वार निघून गेले.

तिसऱ्या दिवशी पोर गप्प झाली. बाकीच्यांना बरं वाटलं. सारजाबाईला मात्र धडकी भरली. पोर कुणाकडं बघेना, हात पुढं करीना. झोपेत दोन घोट घेई, तेवढंच. हिंगोलीपुढं रस्ता बंद होता, म्हणून गाड्या आमराईत थांबल्या होत्या. सारजाबाईनं गाडीवान चंद्रभानला माघारी धाडलं. "मुंजाभाऊला सांग, लेकरू हातचं चाललं."

मुंजाजी सडक टाळून शेताशेतानं निघाला. तरी एका नाक्यावर बंदूकवाल्यांनी त्याला धरलं.

"कहाँ जा रहा है?"

"लेकरू आजारी हाय, साहेब."

त्यांनी त्याला दुपारभर उन्हात बसवून ठेवलं. पोर तोवर टिकते की नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. अखेर त्याचं घोंगडं काढून घेऊन त्याला सोडलं.

आठव्या दिवशी तो आमराईत पोचला. त्यानं हात पुढं केले. दैवशालानं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मुंजाजी खाली बसला. "इसरली मला."

"इसरली न्हाई, रुसलीय. बसा हितंच. उठू नका," सारजाबाई म्हणाली.

तो बसून राहिला. ऊन कलंडलं. पोर हळूच त्याच्याकडं बघे, पुन्हा मान वळवी. मग रांगत आली, त्याची बंडी मुठीत धरली आणि एकदम हंबरडा फोडून रडली. त्याच्या मांडीवर असतानाच ती सारजाबाईचं दूध प्याली.

रस्ता उघडल्यावर मुंजाजीही गाड्यांबरोबर वाशिमला गेला. सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. वाशिमहून सगळे परतले, भुजंगही सुटून आला. त्याला परभणीत काम मिळत होतं. लेकीला लगेच न्यायचं तो म्हणू लागला.

"एकदम न्हाई," मुंजाजी म्हणाला. "आदी तू हितं ऱ्हा. तिला तुझी वळख होऊ दे."

भुजंग दोन महिने राहिला. तो पोरीला भरवायचा, मुंजाजी शेजारी बसायचा. पुढं मुंजाजी दारात बसू लागला, नंतर शेतावर जाऊ लागला.

पोर बापाबरोबर परभणीला गेल्यावर मुंजाजी दर आठवडी बाजाराला तिला भेटायला जाई. एका बाजाराला त्याला जमलं नाही, तरी ती नीट जेवली, असं भुजंगनं सांगितलं. त्यानंतर मुंजाजीनं जाणं कमी केलं.